तोफखान्यात नसलेले आजोबा

त्या घरात पाव कुणी थेट तोंडात घालत नसे. आधी तो उलटा करायचा, दुमडलेल्या बोटाच्या पेराने त्याच्या बुडावर ठोकायचं, कान जवळ नेऊन आवाज ऐकायचा. मग घरातला सगळ्यात मोठा माणूस म्हणे, "सुरक्षित." त्यानंतरच पाव तोडला जाई. पाहुणा टकमक बघायला लागला की कुणीतरी शांतपणे सांगे, "युद्धात शत्रू पावात स्फोटकं भरून पाठवायचा. आजोबांची शिस्त आहे ही. आमचे आजोबा तोफखान्यात होते." यावर पाहुणा आपल्या पुढ्यातला पाव हळूच जरा लांब सरकवी.

आजोबा तोफखान्यात होते, या एका वाक्यावर त्या घराचा निम्मा कारभार चाले. खोलीचं दार क्षणभर जरी उघडं राहिलं तरी आतून आरोळी येई, "दार!" कारण उघड्या दारातून शत्रूला उजेड दिसतो. भर दुपारीसुद्धा. स्वयंपाकघरात प्रत्येक भांड्यावर ओलं फडकं असे. ते विषारी वायूसाठी. पाय आपटून चालायचं नाही, कारण शत्रू जमिनीला कान लावून असतो. भांडं चढवण्याआधी उघडा हात शेगडीच्या आचेवर धरून मनातल्या मनात आकडे म्हणायचे, कारण तोफेची नळी किती तापलीय ते असंच बघतात. आता घर होतं तिसऱ्या मजल्यावर. शत्रूने जमिनीला कान लावलाच असता, तर त्याला फार तर तळमजल्यावरच्या शिंपिणीचं मशीन ऐकू आलं असतं. पण हे बोलायची कुणाची छाती नव्हती.

बाहेरच्या खोलीत आजोबांचा फोटो होता. युद्धाच्या काळातला, पार पिवळा पडलेला. बाह्या कोपराच्या वर सारलेल्या, कपाळावर पांढरी भुकटी, पाठीमागे एक अर्धगोल काळं तोंड आणि त्यातून निघणारा धूर. "तोफ नुकतीच डागलीय," दादा समजावून सांगे. "चेहऱ्यावर आहे ती दारूगोळ्याची राख." दारूगोळ्याची राख पांढरीशुभ्र कशी, आणि माणूस वाकून आत शिरेल एवढं तोफेचं तोंड रुंद कसं, असं कुणी विचारलं नाही. भक्ताला देवाची सोंड सरळ की वाकडी ते दिसत नाही, त्यातली गत.

दादा शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाला होता. गल्ली त्याला कॅप्टन म्हणे. तोंडावर आदराने, पाठीमागे जमेल तसं. त्याची धाकटी बहीण त्याच्याच घरात, शेवटच्या खोलीत राही. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती. चपला-बुटांच्या दुकानात तिने अख्खी नोकरी लोकांच्या पायांची मापं घेण्यात घालवली, म्हणून गल्ली तिला मापबाई म्हणे. कोण घरून भांडून आलीय, कुणाला जिने चढायचा कंटाळा आहे, कुणाला बूट नकोच आहेत, नुसतं पंख्याखाली बसायचंय, हे तिला समोरच्याचा मोजा उतरण्याआधी कळे.

दादाचा तिला आयुष्यभर एकच टोमणा. "तोफखान्यातल्या माणसाची नात, आणि बसते लोकांच्या पायाशी."

"पायाशी बसल्यावरच खरं दिसतं, दादा," ती म्हणे. "वरून काय, सगळे उंचच असतात."

ती निवृत्त झाली त्याच सुमारास गल्लीच्या कोपऱ्यावर आजोबांच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं. ठराव दादाने मांडला, दादानेच वाचला, आणि टाळ्यांची सुरुवातही दादानेच केली. नावाखाली तोफ कोरायची होती, चांगली मोठ्या चाकांची. पाथरवटाने कामाला हात घातला. फक्त पलटणीचं नाव हवं होतं, आणि ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तू रिकामीच आहेस," दादा तिला म्हणाला. "लष्करी दप्तरखान्यात जा आणि आजोबांची पलटण शोधून आण. सोपं काम आहे."

"सोपं आहे तर तू जा."

"मला पाथरवटावर लक्ष ठेवायला हवं. काल त्याने तोफेचं तोंड वाकडं काढलं."

मापबाई गेली. दप्तरखाना म्हणजे एक लांबलचक खोली, लांबलचक टेबलं, आणि 'फक्त पेन्सिल वापरावी' अशी पाटी. तिथल्या कारकुनाच्या अंगठ्यावर वाळलेल्या खळीची पापडी होती आणि बोलता बोलता तो ती सोलत असे. त्याने तोफखान्याची बाडं काढली, परत ठेवली, दुसरी काढली.

"या नावाचं कुणी नाही."

"नीट बघा ना. तोफखाना."

"बाई, तोफखान्यातले सगळे आहेत इथे. पळून गेलेलेसुद्धा आहेत."

"मग दुसरीकडे कुठे असतील?"

"दुसरीकडे म्हणजे रसद. धान्य, भट्ट्या, खेचरं वगैरे. ती बाडं तळघरात होती. तळघरात पाणी शिरलं आणि सगळ्याचा लगदा झाला." हे त्याने अशा थंडपणे सांगितलं, जणू लगदा ही एक वेगळी पलटणच होती.

'नाही' हा शब्द दादाला घरी नेऊन दाखवण्यात अर्थ नव्हता, म्हणून ती पुन्हा पुन्हा तिथे जाऊ लागली. पलीकडच्या टेबलावर काही मंडळी बसलेली असायची. कुजबुजायची, मध्येच फिसकन हसायची, कारकुनाचं "शूऽऽ" झेलायची आणि परत कुजबुजायची. त्यांच्यातल्या एका गोल गरगरीत गृहस्थांनी एक दिवस तिला जवळ बोलावलं. हे लोक म्हणजे युद्धात रसदीवर आणि भट्ट्यांवर राबलेल्यांचे वंशज. ज्यांच्या पूर्वजांचा लगदा झाला, त्यांनी मिळून केलेलं मंडळ. गृहस्थांचे आजोबा खेचरं हाकायचे, म्हणून सगळे त्यांना खेचरवाले म्हणत, आणि ते त्यावर पदवी मिळाल्यासारखी मान तुकवत.

"कागदच नाहीत तर तुम्ही शोधता काय?" मापबाईने विचारलं.

"म्हाताऱ्यांना विचारतो. म्हातारे गेले असतील तर त्यांच्या पोरांच्या खोडी बघतो. माझंच घ्या. मी कुणाच्याही मागून चालत नाही."

"का?"

"खेचराच्या मागून चाललं की लाथ बसते. आजोबा कडेने चालायचे, वडील कडेने चालायचे, मीही कडेनेच. लग्नातसुद्धा बायकोच्या शेजारून चाललो. भटजी ओरडत होते."

मापबाई हसली. तोफखान्याने रसदीकडे बघून हसावं तसं, जरा वरून.

दुपारी मंडळी समोरच्या खानावळीत गेली, तिलाही ओढून घेऊन गेली. टेबलावर टोपलीत पाव आले. मापबाईने एक उचलला, उलटा केला, पेराने ठोकला आणि कानाशी नेला. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की टेबलावरची बडबड थांबलीय. समोर एक वाळकीशी आजी बसली होती. तिच्या वडिलांनी युद्धात लष्करी बिस्किटं भाजली होती, म्हणून ती बिस्किटआजी. आजीच्याही कानाशी एक उलटा पाव होता.

दोघींनी पावाआडून एकमेकींकडे बघितलं.

"कुठल्या भट्टीवरचे गं तुमचे?" आजीने विचारलं.

"आमचे? आमचे आजोबा तोफखान्यात होते."

"मग पाव का वाजवतेस?"

"आत स्फोटक आहे का ते बघायला."

खेचरवाल्यांच्या घशात घास अडकला. दोघांनी मिळून त्यांच्या पाठीत गुद्दे घातले. बिस्किटआजी मात्र हसली नाही. तिने पाव खाली ठेवला आणि अगदी मायेने विचारलं, "बाई, स्फोटक असतं, तर ठोकल्यावर काय झालं असतं?"

एवढ्या पिढ्यांत हा प्रश्न त्यांच्या घराचा जिना चढला नव्हता.

"पाव आतून भाजला असेल तर बुडाला पोकळ वाजतो," आजी म्हणाली. "कच्चा असला की आवाज जड येतो, ओल्या मातीवर थापटी मारल्यासारखा. भट्टीवरचा माणूस मेला तरी ही सवय मरत नाही. आणखी काय काय करता घरी?"

मापबाई चाचरत एकेक सांगत गेली, आणि आजी एकेकाची शेंग सोलत गेली. ओलं फडकं? मळलेलं पीठ वरून सुकू नये म्हणून. दार? गार वारा लागला की पीठ फुगत नाही. पाय आपटायचे नाहीत? फुगलेलं पीठ हादऱ्याने बसतं. हात आचेवर धरायचा? भट्टी पुरेशी तापली का, ते बघायला. शेवटी मापबाईने पिशवीतून फोटोची प्रत काढली, अगदी नाइलाजाने, डॉक्टरांना दुखरी जागा दाखवावी तशी.

"ही काय भट्टी," आजी म्हणाली. "लोखंडी पत्र्याची कमान, वरून माती थापलेली. मैदानात अशाच मांडायचे."

"कपाळावर ते पांढरं?"

"पीठ गं."

खरं म्हणजे मापबाईला वाईट वाटायला हवं होतं. पण रस्त्याने चालताना तिला हसू फुटायला लागलं, आधी ओठांवर, मग खांद्यांत, आणि मग तिला एका दुकानाच्या काचेकडे तोंड करून उभं राहावं लागलं. गल्लीत कुणाच्याही मदतीला ती धावली की दादा तिला म्हणायचा, "कशाला लष्करच्या भाकऱ्या भाजतेस?" त्याच्या तोंडावर मारायचं उत्तर आज तिला आयतं मिळालं होतं, आणि ते इतकं खुसखुशीत होतं की एका घासात संपवायला जीव होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पाव ठोकत होता. ती अगदी साळसूदपणे म्हणाली, "दादा, एक शंका. स्फोटक असतं तर ठोकल्यावर काय झालं असतं रे?"

दादाने पाव हातात धरून बराच वेळ विचार केला.

"हळू ठोकायचं असतं," तो म्हणाला.

वहिनी तोंडावर हात दाबून आत पळाली, कारण तिला मापबाईने आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. तेव्हा ती हसता हसता स्वयंपाकघरात खालीच बसली होती. "म्हणजे लग्न झाल्यापासून मी विषारी वायूसाठी फडकी पिळतेय आणि वायू आलाच नाही!" मग डोळे पुसून तिने विचारलं होतं, "सांगणार कधी त्यांना?"

"चांगली वेळ बघून."

"त्यांची चांगली वेळ की तुमची?"

मापबाईची चांगली वेळ रोज सकाळी पावाबरोबर येत होती आणि ती पुरवून पुरवून खात होती. तिकडे कोपऱ्यावर दगडात तोफेचं एक चाक पूर्ण झालं आणि दुसऱ्याची रेघ पडली. आता सांगायलाच हवं होतं. खोटी तोफ एकदा कोपऱ्यावर बसली, की दूध आणायला जाता-येता ती मापबाईकडे बघणार होती, आणि ज्या माणसाने युद्धभर पीठ मळलं, तो कुणाच्याच ध्यानात राहणार नव्हता.

एका दुपारी ती ठरवून त्याच्या खोलीत गेली. दादा अनावरणासाठी घेतलेले नवे बूट घालून आरशापुढे उभा होता.

"चावतात का बघ गं जरा," तो म्हणाला.

ती खाली बसली. दादाचे पाय तिला तिच्या स्वतःच्या पायांपेक्षा पाठ होते. पार सपाट, मध्ये कमान म्हणून नाहीच. दुकानात लागल्यापासून त्याच्या प्रत्येक बुटात ती गुपचूप चामड्याची उंच गादी बसवत आली होती. दादा ऐटीत चाले तो त्या गाद्यांवर. त्याला वाटे, आपल्याला बूट छान लाभतात.

"भरतीच्या वेळी डॉक्टरने ओल्या पायांनी फरशीवर चालायला लावलं होतं," दादा एकाएकी म्हणाला. हे त्याने कधीच सांगितलं नव्हतं. "सगळ्या पोरांचे ठसे मध्ये बारीक. माझा सगळाच्या सगळा उमटला, पाटासारखा. डॉक्टर म्हणाला, घरी जा. मी घरी आलो, तर बाबा म्हणाले, असू दे, रक्त तर तोफखान्याचं आहे." त्याने आरशात बघत कोटाचं बटण सारखं केलं. "तेवढ्या एका वाक्यावर उभा राहिलो बघ मी."

मापबाईने बुटाची नाडी बांधली, सोडली, परत बांधली.

"चावत नाहीत," ती म्हणाली आणि बाहेर आली.

खेचरवाल्यांना तिने हे सगळं सांगितलं, तेव्हा ते पहिल्यांदाच हसले नाहीत. मग मात्र हसले. "आमचा मेळावा आहे. युद्धातल्यासारखी भट्टी मांडतो मैदानात, पाव भाजतो. दरवर्षी दगडासारखे होतात, पण हौस. कॅप्टनना घेऊन या."

"काय सांगून आणू?"

"खोटं सांगून."

तिने सांगितलं, तोफखान्यातल्या लोकांच्या नातवंडांचा मेळावा आहे. दादा पितळी बटणांचा कोट घालून निघाला.

मैदानात मातीने लिंपलेल्या दोन लोखंडी कमानी होत्या, शेजारी तंबू, तंबूत लाकडी परातींमध्ये फुगायला ठेवलेलं पीठ. दादाने हात मागे बांधून एक चक्कर मारली. "तोफा अजून आलेल्या दिसत नाहीत," तो म्हणाला. "हा स्वयंपाकाचा विभाग असावा." आणि स्वयंपाकाच्या विभागाकडे तो पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखा बघू लागला.

पण तिथली अंदाधुंदी त्याला बघवेना. खेचरवाले तंबूत शिरले आणि पडदा तसाच लोंबता सोडून कुणाशी तरी गप्पा मारू लागले.

"दार!" दादा गरजला.

अख्खं मैदान वळलं. खेचरवाल्यांनी मुकाट्याने पडदा ओढला. पाठोपाठ कुणीतरी परातींशेजारून धावत गेलं, त्याला झापणं आलं. "पाय आपटू नका. आणि हे सगळं असं उघडं? फडकी कुठायत?" फडकी आली. दादाने ती स्वतः पिळली, कारण दुसऱ्या कुणाला पिळता येत नव्हती. कोट काढून खुंटीला लावला, बाह्या वर सारल्या. भट्टीतले निखारे बाहेर ओढले, तेव्हा कुणीतरी लगेच पाव आत सारायला निघालं. दादाने त्याला अडवलं, उघडा हात कमानीच्या तोंडात धरला, ओठ हलवले.

"अजून नाही."

सगळे थांबले. का थांबले ते कुणालाच सांगता आलं नसतं.

"आता."

पाव आत गेले. मंडळाचे सगळे लोक भोवती गोळा झाले होते. बिस्किटआजी खुर्ची ओढून पुढे बसली होती. पहिला पाव बाहेर आला तो दादाने उलटा केला, ठोकला, ऐकला.

"जड आहे. परत आत."

आजीने तोच पाव मागून घेतला आणि वाजवला. "कच्चाच आहे," ती म्हणाली.

"बघा," दादा खूश होऊन म्हणाला, "कान तयार असावा लागतो."

दुसऱ्यांदा पाव बाहेर आला. दादाने ठोकला. छान पोकळ, कोरडा आवाज आला. तो सवयीने म्हणायला गेला, "सुर—" आणि शब्द अर्ध्यावर राहिला.

त्याने पावाकडे बघितलं. कमानीच्या काळ्या तोंडाकडे बघितलं, तिथून निघणाऱ्या धुराकडे बघितलं. मग कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या आपल्या हातांकडे. फोटोत फक्त माणूस बदलला होता.

"छोटे," तो मान न वळवता म्हणाला, "तोफा येणार नाहीयेत ना?"

"नाही, दादा."

"तेव्हाही नव्हत्या?"

"होत्या. आपल्या नव्हत्या."

खेचरवाले उगाच बुटाने माती उकरत होते.

"आतले करपतील हो," बिस्किटआजी म्हणाली.

दादाने लांब दांड्याची फळी उचलली, वाकला आणि उरलेले पाव एकामागून एक बाहेर काढले. एकही करपू दिला नाही. सगळे निघाल्यावर तो पिठाच्या पोत्यावर जाऊन बसला.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"पाथरवटाने पहिलं चाक संपवलं त्याच्या आधीपासून."

"आणि रोज सकाळी मला पाव ठोकताना बघत होतीस."

"हो."

"मजा आली असेल."

आली होती. तेच तर बोचत होतं.

घरी आल्यावर दादाने कोट कपाटात टांगला आणि त्या दिवसापासून घर शांत झालं. दार उघडं राहिलं तरी आरोळी येईना. वहिनीने मुद्दाम भांडी उघडी ठेवून बघितली, कुणी काही बोललं नाही. सकाळी दादाने पाव घेतला आणि थेट तोडून खाल्ला. वहिनीने मापबाईकडे असं बघितलं, की तिचा घास तोंडात फिरायला लागला. त्या घरात आता शत्रू कुठूनही आत येऊ शकला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. आयुष्यभर जो आवाज बंद व्हावा म्हणून मापबाई मनातल्या मनात प्रार्थना करत आली, तो आवाज ऐकू यावा म्हणून ती येता-जाता दारं सताड उघडी टाकू लागली.

शेवटी तीच त्याच्या खोलीत गेली. "दादा, रागाव एकदाचा."

"कुणावर रागावू? आजोबा कधी म्हणालेच नाहीत, की मी तोफखान्यात होतो. मला आठवतंय ना. जेवताना बाबा तोफा डागायचे आणि आजोबा खाली मान घालून पाव तोडून सगळ्यांना देत बसायचे."

"मग बाबांना थांबवलं का नाही त्यांनी?"

"जेवत्या माणसाला ते कधी टोकत नसत."

खाली शिंपिणीचं मशीन चालू झालं, थांबलं. मग दादा खिडकीतून बाहेर बघत, कुणाला तरी सहज विचारावं तसं म्हणाला, "एका भट्टीतून एका खेपेला पाव किती निघत असतील गं?"

"बिस्किटआजींना विचारून सांगते."

"तू नको. तुला नीट विचारता येत नाही. मी विचारतो." मग जरा वेळाने म्हणाला, "आणि मला एक सांग. तोफखाना खात काय होता? लोखंड?"

"नाही."

"मग?"

तो 'मग' इतका ठणठणीत होता, की मापबाईने हसू लपवायला दाराकडे तोंड फिरवलं.

त्याच दिवशी दादा पाथरवटाकडे गेला. मापबाईही मागोमाग गेली.

"तोफ काढा, भट्टी करा."

"कॅप्टन, हा दगड आहे, कणीक नाही," पाथरवट म्हणाला. "मोडून परत मळता येत नाही."

बरीच घासाघीस होऊन चाकं छाटायचं ठरलं. नळीवर मातीचा उंचवटा दाखवायचा आणि तोंड रुंद करायचं. जे तयार झालं ते भट्टीसारखं कमी आणि रुसून बसलेल्या कासवासारखं जास्त दिसत होतं. पण खाली स्वच्छ अक्षरात आजोबांचं नाव होतं, आणि 'युद्धकाळात यांनी सैन्यासाठी पाव भाजला' एवढंच. ते वाक्य दादाचं होतं. त्यात एकही विशेषण नव्हतं, हे बघून मापबाई त्या दगडापुढे जरा जास्त वेळ उभी राहिली.

अनावरणाला गल्ली जमली, मंडळही आलं. तोफेसाठी आलेले काहीजण कासव बघून एकमेकांना कोपरं मारू लागले. दादाला ते दिसत होतं. त्याने कागद उघडला, मिटला. मापबाईचा जीव टांगणीला लागला. हा आता खाली उतरला, तर तिने जे केलं त्याला कुठलंही नाव देता आलं नसतं.

"आमचे आजोबा तोफखान्यात नव्हते," दादा म्हणाला. आवाज बारीक होता. मग त्याने खांदे मागे नेले. "ते तोफखान्याला जेवू घालत होते. दीर्घ संशोधनानंतर मला असं आढळून आलं..."

वहिनीने मापबाईला चिमटा काढला. "मला म्हणे. बोला ना काहीतरी."

"बोलू दे गं. उभा आहे ना, तेवढं पुरे."

पण दादाच अडखळला. त्याने गर्दीत बहिणीला शोधलं. "मला म्हणजे," तो म्हणाला, "माझ्या बहिणीला. पण पाठवलं होतं मी."

टाळ्या वाजल्या. या वेळी सुरुवात दुसऱ्या कुणीतरी केली.

पुढे दादा मंडळाचा सभासद झाला, आणि बघता बघता त्याने मंडळ ताब्यात घेतलं. बैठका पहाटे भरू लागल्या, कारण भट्टीवरचे लोक पहाटे उठत. कुजबुजणं बंद झालं. भट्ट्यांसारखी दुसरी पलटण झाली नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगू लागला. तोफखान्याचा विषय निघाला की तो म्हणे, "हो, तेही होते म्हणतात." पडला तरी नाक वर, हे मापबाईला आधीच कळायला हवं होतं. त्याला खाली आणायला म्हणून निघालेली ती. तो उबेत ठेवलेल्या पिठासारखा दुप्पट फुगून वर आला होता.

एका सकाळी खेचरवाल्यांचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"मापबाई, तुमचे कॅप्टन परत घेऊन जा हो. काल त्यांनी आम्हाला उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं. बिस्किटआजींना शाबासकी, आणि मला सगळ्यांच्या मागे. मागे हो. मला मागून चालवत नाही, हे माहीत असून."

मापबाईने फोन कानापासून जरा लांब धरला आणि दुकानाच्या काउंटरवर जन्मभर वापरलेला तोच गोड आवाज काढला.

"माफ करा," ती म्हणाली, "एकदा नेलेला माल आम्ही परत घेत नाही."